एतेल्का नेनीच्या पिसवा आणि चौथी बाटली

एतेल्का वारकोनी हिने एकतीस वर्षांत पावणेचार लाख जीव मोजले. हा अंदाज नव्हे. प्रत्येक प्रयोगाच्या पत्रकावर माझी सही आहे आणि बेरीज मी दोनदा करून पाहिली आहे.

आमची प्रयोगशाळा वेस्प्रेम शहराच्या बाहेर, बंद पडलेल्या बिअरच्या कारखान्याला लागून आहे. मी वाणिज्य शाखेचा माणूस. कोणतं रसायन किती विषारी, हे मला कळत नाही. ते ठरवताना कोणी नोंदीचा रकाना मोकळा सोडला असेल तर तेवढं मात्र लांबून कळतं, आणि मला पगार त्याचाच मिळतो. एतेल्का माझ्याहून जेमतेम दोन वर्षांनी मोठी, पण सगळी इमारत तिला नेनी, म्हणजे मावशी, म्हणायची म्हणून मीही नेनीच म्हणायचो. ती मला नावाने, कोर्नेल म्हणायची आणि फार रागावली तर 'रकानेवाला'.

तिच्या ताब्यात पाणपिसवांची खोली होती. या पिसवा कुत्र्याच्या अंगावरच्या नव्हेत. तळ्यात राहणाऱ्या, खसखशीएवढ्या, पारदर्शक. पाठीत पिल्लं घेऊन टुणटुण उड्या मारत पोहणाऱ्या. नवं रंगद्रव्य असो, साबण असो की शेतातला फवारा असो, ते नदीत गेलं तर काय होईल हे आधी कोणाला तरी विचारावं लागतं. नदीला विचारता येत नाही, म्हणून पिसवांना विचारायचं. एका दिवसाच्या आतली पिल्लं घ्यायची, एका बीकरमध्ये पाच, असे चार बीकर, म्हणजे वीस. एका रांगेत नुसतं स्वच्छ पाणी, त्याला आम्ही कोरं पाणी म्हणतो. पुढच्या पाच रांगांत रसायनाची मात्रा वाढवत न्यायची. अठ्ठेचाळीस तासांनी बीकर हलकेच हलवायचा आणि पंधरा आकडे मोजायचे. तेवढ्यात जी पोहली नाही, ती 'बसली'. कोऱ्या पाण्यात वीसपैकी दोनपेक्षा जास्त बसल्या, तर सगळा प्रयोग रद्द. कोऱ्या पाण्यात का बसल्या हे ज्याला सांगता येत नाही, त्याला विषाबद्दल बोलायचा अधिकार नाही. एवढा एक नियम मलाही समजतो.

पिसवांच्या त्या टाक्यांमध्ये सगळ्या माद्याच. नर लागत नाहीत. पाणी चांगलं, खाणं वेळेवर, की माद्या आपल्या आपण माद्यांनाच जन्म देत राहतात. नवीन माणूस खोली बघायला आला की नेनी हे हमखास सांगायची आणि वर म्हणायची, "नर दिसायला लागले की समजायचं, खोलीत काहीतरी बिघडलंय."

हे ऐकून आमचा बर्नाबाश दर वेळी नव्याने चिडायचा. तो शेजारच्या खोलीत माशांच्या अंड्यांवर प्रयोग करतो. गोल पोटाचा, मोठ्या आवाजाचा माणूस.

"नेनी, माझ्या माशांना नर लागतो, आणि ते सुखात आहेत!"

"मासे बिचारे बोलत नाहीत रे," नेनी म्हणायची.

त्या वर्षी ईस्टरनंतरच्या मंगळवारी जे घडलं, ते सांगण्याआधी दारावरच्या दोन गोष्टी सांगायला हव्यात. एक, दाराशी टांगलेली वही. आत पाऊल टाकणाऱ्याने नाव आणि वेळ लिहायची, मग तो कोणीही असो. दुसरी, काचेच्या चौकटीतली सूचना: 'अत्तर, कोलोन किंवा केसांचा फवारा लावून या खोलीत प्रवेशास सक्त मनाई.' खाली आमचे संचालक डॉक्टर सेंतेशी यांची भली थोरली सही.

ही सूचना ईस्टरसाठीच होती. ईस्टरच्या सोमवारी आमच्याकडे पुरुष घरोघर जातात, दोन ओळींची कविता म्हणतात आणि बाई फुलासारखी सुकू नये म्हणून तिच्या डोक्यावर कोलोन शिंपडतात. त्या बदल्यात रंगवलेलं अंडं, हॅम, तिखट मुळा आणि एखादा पेला पालिंका, म्हणजे फळांची कडक दारू. सोमवारी सुट्टी असते, म्हणून कचेऱ्यांमध्ये ही पाळी मंगळवारी येते. त्या दिवशी आमच्या जिन्यात न्हाव्याच्या दुकानासारखा वास सुटतो. मला तो कधी आला नाही. एप्रिलमध्ये बर्च झाडांच्या परागांनी माझं नाक बंद असतं, आणि पुढे जे झालं त्यात या नाकाचाही थोडा वाटा आहे.

मंगळवारी सकाळी नऊला नेनीने एका रंगाच्या कारखान्याच्या द्रव्याचा प्रयोग लावला. गुरुवारी नऊला मोजणी. साक्षीदार म्हणून मी शेजारी उभा.

नेनीने कोऱ्या पाण्याचा पहिला बीकर हलवला. पंधरा मोजले. पुन्हा मोजले. मग चष्मा पुसला.

"पाचच्या पाच बसल्या," ती म्हणाली.

कोऱ्या पाण्याच्या रांगेत वीसपैकी तेरा बसल्या होत्या. पहिल्या मात्रेत सहा, दुसरीत दोन. तिसरीत, चौथीत एकही नाही. सगळ्यात जास्त रसायन असलेल्या रांगेत फक्त एक. बाकीच्या एकोणीस जत्रेला आल्यासारख्या हिंडत होत्या.

"हे उलटं झालंय," मी म्हणालो.

"तुला वाणिज्य शाखेत हुशार म्हणत असतील," नेनी म्हणाली.

दुपारी कारखान्याच्या माणसाचा फोन आला. संचालकांनी तो आमच्यासमोरच घेतला. पलीकडचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता. "म्हणजे डॉक्टर, साध्या पाण्यात मेल्या आणि आमचं द्रव्य घातल्यावर जगल्या? हे डब्यावर छापता येईल का?"

संचालकांनी फोन ठेवला आणि आम्हाला बाहेर जायला सांगितलं.

त्यांच्या डोक्यात काय होतं ते शुक्रवारी कळलं. तीन आठवड्यांनी सरकारी तपासणी होती. तिच्यासाठी रद्द झालेल्या प्रयोगाचं खुलासापत्रक लागतं. साहेबांनी ते स्वतःच टाइप करून माझ्या सहीसाठी पाठवलं होतं. 'कारण: कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा, बहुधा वयोमानामुळे. उपाय: पिसवांची खोली जूनपासून बंद करणे, हे काम बुडापेस्टला देणे. सदर कर्मचाऱ्यास तळघरात काचसामान धुण्याचे काम देणे.'

नेनीच्या पेन्शनला सव्वा वर्ष बाकी होतं. कागद मी तिला दाखवला. दाखवायला नको होता, पण दाखवला.

तिने तो उभ्याउभ्या वाचला. निष्काळजीपणावर काही बोलली नाही. तळघरावरही नाही. बोट ठेवलं ते एका शब्दावर.

"बहुधा," ती म्हणाली. "या इमारतीत 'बहुधा' लिहायला परवानगी आहे का रे, रकानेवाल्या?"

"नाही."

"मग सही करू नकोस."

"नेनी, मग दुसरं कारण दे. मंगळवारी सकाळी आत कोण आलं होतं? वहीत तर तुझ्याखेरीज कोणीच नाही."

ती टाकीकडे वळली आणि पिसवांना शेवाळाचं हिरवं पाणी घालू लागली. त्यांची खाण्याची वेळ नव्हती.

"माझ्यावर शिंपडलं कोणीतरी," ती म्हणाली.

"कुठे?"

"इथेच. मी मोरीवर वाकले होते. कविता म्हटली, शिंपडलं आणि गेला."

"कोण?"

"ते मी सांगणार नाही."

"आणि तू केस धुतले नाहीस?"

तिने शेवाळाचं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाली, "माझा लाझार गेला त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून माझ्या डोक्यावर कोणी थेंब टाकला नाही, कोर्नेल. इथल्या पोरींना रांग लावून शिंपडतात, आणि माझ्याकडे येऊन विचारतात, नेनी, यंदा केक कसला केलायस? अकरा वर्षांनी पडलेलं लगेच धुऊन टाकू? नुसतं पुसलं मी."

"कशाने पुसलंस?"

तिच्या डाव्या खांद्यावर नेहमीसारखा तागाचा फडका होता. नियमाप्रमाणे बीकर भट्टीत वाळवायचे, संपलं. नेनी मात्र भट्टीतून काढलेल्या प्रत्येक बीकरवरून शेवटी तो फडका फिरवायची, आतून आणि बाहेरून. फडका घरी उकळून आणायची. एकतीस वर्षं मला ते दिसत होतं आणि एकतीस वर्षं मी ते लिहिलं नव्हतं.

आम्ही दोघेही फडक्याकडे पाहू लागलो.

"पहिल्यांदा कोऱ्या पाण्याचे बीकर पुसतेस," मी म्हणालो.

"नियमच आहे. स्वच्छापासून सुरुवात, विषाकडे शेवट."

"म्हणजे सगळ्यात जास्त कोलोन कोऱ्या पाण्याला. पुढे फडका कोरडा होत गेला."

"आणि विषापर्यंत पोचेस्तोवर काही उरलंच नाही," नेनी म्हणाली आणि खुर्चीवर बसली. मग एकदम तिचे डोळे चमकले. अशा वेळी तिच्यापासून दोन पावलं लांब उभं राहावं. "पण हेही 'बहुधा'च झालं, नाही का? आपण म्हणतोय. पिसवांनी कुठे म्हटलंय?"

"नाव सांग, म्हणजे मिटेल."

"मी सांगितलं तर माझा एक शब्द आणि त्याचा एक शब्द. त्याचा शब्द माझ्यापेक्षा जड आहे. पिसवांनी सांगितलं तर आकडा होतो. बाटल्या गोळा कर."

मी सूचना फलकावर कागद लावला: ईस्टरनिमित्त कचेरीच्या आवारात ज्यांनी शिंपडलं, त्यांनी आपापली बाटली शास्त्रीय कारणासाठी जमा करावी. बर्नाबाशने गुलाबाचं चित्र असलेली, जत्रेत मिळते तसली बाटली आणून दिली आणि म्हणाला, "जपून वापरा, जहाल आहे." ड्रायव्हरने दिली, दोन रसायनतज्ज्ञांनी दिल्या, पाचवी माझी. साहेबांनी दिली नाही. सूचना इतरांसाठी असते, असं त्यांचं एकंदर मत.

त्यांच्याकडे नेनी स्वतः गेली. मी फाइल घेऊन मागे होतो.

"साहेब, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"बोला नेनी, बोला." साहेब अलीकडे तिच्याशी फार गोड बोलत होते.

"तुमच्याजवळून जाताना वास येतो ना, तो कसला? सुंदर असतो हो. इतरांचं म्हणजे नुसतं स्पिरिट."

साहेबांनी खुर्चीत पाठ ताठ केली. "तो साधा नाही, नेनी. पॅरिसहून आणलाय. एक थेंब लावला तरी तीन दिवस जात नाही."

"तीन दिवस!" नेनी म्हणाली. "अठ्ठेचाळीस तासांपेक्षाही जास्त! एवढंसं मिळेल का हो? वास घ्यायला."

साहेबांनी ड्रॉवरमधून बाटली काढून स्वतःच्या हाताने तिच्या लहान कुपीत ओतली. हे कोलोन प्रयोगासाठी घेतोय, असं आम्ही त्यांना सांगितलं नाही. ही प्रक्रियेतली उणीव आहे. मी ती नंतर नोंदवली.

सहा कुप्या झाल्या. सातवीत मी नुसतं पाणी भरलं. सातही कुप्यांना एकसारखा कागद गुंडाळला, वर एक ते सात आकडे घातले आणि कोणता आकडा कोणाचा ते लिहून पाकीट लाखेने बंद केलं. ही आमच्याकडची रीत आहे. मोजणाऱ्याला माहीत असेल की समोर काय आहे, तर त्याचे डोळे त्याला हवं ते बघतात.

"आणि तुला वासावरून कळणार नाही?" मी विचारलं.

"म्हणूनच मी फक्त भरणार आणि मोजणार. फडका तू मारायचास," नेनी म्हणाली. "तुझं नाक बंद आहे. एकतीस वर्षांत पहिल्यांदा तुझा काहीतरी उपयोग होतोय."

मी सात उकळलेले फडके घेतले. प्रत्येकावर आपापल्या कुपीतलं पाच थेंब कोलोन टाकलं आणि चार चार बीकर क्रमाने पुसले. कुप्या घेऊन खोलीबाहेर गेलो, खिडक्या तासभर उघड्या ठेवल्या. मग नेनीने पाणी भरलं, पाच पाच पिल्लं पिपेटने अलगद सोडली, आणि आम्ही दाराच्या वहीत निघायची वेळ लिहून बाहेर पडलो.

दोन दिवसांनी मोजणी झाली तेव्हा बर्नाबाशही दारात येऊन उभा राहिला, कारण त्याला आपल्या बाटलीची खात्री होती. एक नंबर: सगळ्या पोहतायत. दोन: एक बसली. तीन: सगळ्या पोहतायत. चार नंबरच्या पहिल्या बीकरपाशी नेनीने पंधरा मोजले आणि मान हलवली. पाचच्या पाच. दुसऱ्यात चार, तिसऱ्यात तीन, चौथ्यात दोन. वीसपैकी चौदा, आणि क्रम तोच, फडका कोरडा होत जातो तसा. पाच, सहा, सात: सगळ्या मजेत.

"चार नंबर माझीच!" बर्नाबाश म्हणाला. "सांगितलं होतं ना, जहाल आहे."

पाकीट साहेबांच्या खोलीत फोडायचं ठरलं. नेनी, बर्नाबाश आणि मी त्यांच्या सोफ्यावर ओळीने बसलो. साहेबांना आकड्यांचा कागद आवडला होता.

"म्हणजे कोणीतरी नियम मोडून आत शिरलं," ते म्हणाले. "छान. आता खुलाशात नेनींबरोबर त्याचंही नाव घालू. फोडा पाकीट."

मी लाख तोडली आणि वाचलं. "एक, ड्रायव्हर. दोन, मी. तीन, बर्नाबाश."

"तीन?" बर्नाबाश ओरडला. "माझ्यात एकही बसली नाही? मग त्यात आहे तरी काय?"

"पाणी आणि स्पिरिट," नेनी म्हणाली. "तुझ्यासारखंच. आवाज मोठा, अपाय शून्य."

"चार," मी वाचलं, "डॉक्टर सेंतेशी."

साहेबांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग कानांपासून लाल होत आला. "बाटली माझ्या ड्रॉवरमध्ये असते," ते म्हणाले. "ड्रॉवरला कुलूप नाही. कोणीही उचलली असेल."

"असेल," नेनी म्हणाली. "मग त्याने हीसुद्धा तुमच्याकडूनच उचलली असेल." तिने कोटाच्या खिशातून पोलादी मोजपट्टी काढून टेबलावर ठेवली. पिवळी, पाच मीटरची, मागे चिकटवलेल्या पट्टीवर साहेबांचं नाव. "मोरीजवळ राहिली होती. माझ्या खोलीची रुंदी मोजत होतात ना? मी वळणार असं वाटलं म्हणून तुम्ही घाईघाईने बाटली काढलीत."

पेशींवर प्रयोग करणारं नवं यंत्र यायचं होतं, हे आम्हाला माहीत होतं. ते कुठे बसणार, हे आम्ही कोणी विचारलं नव्हतं.

"मोजपट्टी होतीच तुझ्याकडे," मी नेनीला म्हणालो, "तर मग हा सगळा खटाटोप कशाला?"

"मोजपट्टी फक्त कोण आलं ते सांगते. पिसवा कशाने बसल्या, ते तिला काय माहीत?" ती साहेबांकडे वळली. "माझीही चूक आहे. मी डोकं पुसलं आणि त्याच फडक्याने बीकर पुसले. तो फडका नियमात नाही. तेवढं माझ्या नावावर लिहा. पण वय लिहायचं नाही. मी जे केलं ते मी तिशीतही केलं असतं, फक्त तेव्हा शिंपडणारे पुष्कळ होते."

साहेब मोजपट्टी उघडबंद करत राहिले. पात्याचा सटक् सटक् आवाज तेवढा येत होता. शेवटी ते म्हणाले, "कविता तरी बरी होती का?"

"भयंकर होती," नेनी म्हणाली. "म्हणून दाखवू?

'काचेच्या बागेत गुलाब एकला,
थेंब नाही पडला तर बघा सुकला.'"

बर्नाबाशने तोंडावर हात दाबला, पण त्याचं पोट हलायला लागलं आणि सोफ्यासकट आम्ही तिघेही हललो. साहेबांनी बराच वेळ धीर धरला. मग तेही हसले. तो कागद त्यांनी फाडला आणि नवा खुलासा स्वतःच्या हाताने लिहिला. 'कारण: संचालकांनी नोंद न करता खोलीत प्रवेश करून लोकरीतीनुसार कर्मचाऱ्यावर सुगंधी द्रव शिंपडला, तो नियमबाह्य फडक्यामार्फत बीकरमध्ये गेला. पुरावा: सोबतचा प्रयोग.' मी प्रत्येक रकाना तपासला आणि सही केली.

तपासणीला आलेल्या बाईंनी तो खुलासा दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना त्यांनी चष्मा काढून डोळे टिपले. मग म्हणाल्या, "रद्द झालेल्या प्रयोगाचं कारण लोक मला कल्पनेने सांगतात. प्रयोग करून सांगणारे पहिल्यांदा भेटले." अहवालात त्यांनी पिसवांच्या खोलीचं नाव घेऊन कौतुक लिहिलं. त्यानंतर ती खोली बंद करायची तर साहेबांना त्या कौतुकाचाच खुलासा द्यावा लागला असता. नवं यंत्र शेवटी त्यांच्याच खोलीत बसलं, सोफा होता तिथे. मोजमाप त्याच पट्टीने झालं. दुसरं टोक बर्नाबाशने धरलं होतं.

चौकटीतली सूचना बदलली. आता तिच्यात एक ओळ वाढली आहे, मीच टाइप केलेली: 'ईस्टरच्या सप्ताहात या खोलीतील कर्मचाऱ्यांवर शिंपडायचे झाल्यास फक्त खोलीतील कोरे पाणी वापरावे.' आमच्या आज्यांवर विहिरीच्या बादल्याच रिकाम्या होत असत, कोलोन नंतरचं. त्यामुळे कोणाची हरकत आली नाही.

पुढच्या ईस्टरला नेनीच्या पेन्शनला तीन महिने उरले होते. मंगळवारी सकाळी दाराच्या वहीत सात नावं लागली, सगळी पुरुषांची. हातात लिटरचे बीकर, भट्टीत वाळवलेले, फडका न मारलेले. सगळ्यात पुढे साहेब, नवीन कविता घेऊन. ती जुनीपेक्षाही वाईट होती.

आम्हाला रांगेत बघून नेनी टाकीकडे वळली. "ऐकलंत का गं," ती पिसवांना म्हणाली, "नर आले. काहीतरी बिघडलंय."

मग तिने चष्मा काढून कपाटावर ठेवला, डोकं मोरीवर वाकवलं आणि सात लिटर पाणी निमूट अंगावर घेतलं. सरळ झाली तेव्हा केसांतून पाणी निथळत होतं. आम्ही सगळे रिकामे बीकर धरून उभे होतो, जरा जास्तच झालं की काय अशा भीतीने. तिने प्रत्येकाला कांद्याच्या सालीत रंगवलेलं लाल अंडं दिलं. मला सगळ्यात शेवटी.

"निघा आता सगळे," ती म्हणाली, "आणि दार लावून घ्या. परवा नऊला येऊन बघा, पोहतेय का."

मी गेलो होतो. ठीक नऊला, वहीत नाव लिहून.